डोक्याला मार लागल्यानंतर शाळेत परतताना
कन्कशन झालेल्या विद्यार्थ्याला घर आणि शाळा यांनी द्यावयाचा आधार

फुटबॉलच्या मैदानावर उंचावरून आलेला चेंडू डोक्याने परतवताना दोन मुलांची डोकी एकमेकांवर आदळतात. एकजण क्षणभर भांबावतो, उठतो, गुडघ्यावरचा चिखल झटकतो आणि पुन्हा धावू लागतो. रक्त आलेले नसते, टाके पडलेले नसतात आणि रुग्णालयात नेलेच, तर सी.टी. स्कॅनचा अहवालही 'नॉर्मल' येतो. सोमवारी तोच मुलगा वर्गात बाकावर डोके टेकवून बसलेला दिसतो. फळ्यावरचे वहीत उतरवताना त्याला अक्षरे अंधूक दिसतात, मधल्या सुट्टीतला कलकलाट असह्य होतो, दोनदा वाचलेला परिच्छेद लक्षात राहत नाही. शिक्षकांना हा आळस वाटतो, घरच्यांना अभ्यास टाळण्याचे निमित्त. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूला इजा झालेली असते आणि ती कोणालाच दिसत नसते.

या इजेला वैद्यकशास्त्रात 'कन्कशन' म्हणतात. मराठीत 'मेंदूला बसलेला हादरा' असे म्हणता येईल. खेळाच्या मैदानाप्रमाणेच दुचाकीवरून पडल्याने, जिन्यावर घसरल्याने किंवा भांडणातल्या धक्काबुक्कीतही ती होते. योग्य काळजी घेतल्यास बहुतेक मुले काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात. मात्र ते काही आठवडे शाळेत कसे जातात, यावर बरे होण्याचा वेग आणि मुलाचा आत्मविश्वास दोन्ही अवलंबून असतात.

कन्कशनमध्ये मेंदूत काय घडते?

डोक्याला किंवा शरीराला जोराचा धक्का बसला की कवटीच्या आतील मेंदू वेगाने हलतो, पिळवटला जातो. मज्जापेशींचे आवरण ताणले जाऊन पेशींतील क्षारांचा समतोल बिघडतो. तो पूर्ववत करण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा अधिक ऊर्जा लागते. नेमक्या त्याच वेळी मेंदूकडे येणारा रक्तप्रवाह मात्र मंदावलेला असतो. मागणी अधिक आणि पुरवठा कमी, अशी ही स्थिती काही दिवस, कधी काही आठवडे टिकते. वाचणे, ऐकणे, आठवणे ही एरवी सहज होणारी कामे या काळात थकवणारी ठरतात.

हा बिघाड मेंदूच्या रचनेतला नसून कार्यातला आहे, म्हणून तो सी.टी. स्कॅनमध्ये दिसत नाही. रक्तस्राव झाला आहे का, कवटीला तडा गेला आहे का, हे पाहण्यासाठी ही तपासणी केली जाते. ती निर्दोष आली म्हणजे कन्कशन नाही, असा अर्थ काढणे चूक आहे. 'बेशुद्ध पडला नव्हता, म्हणजे काही झाले नाही', हा समजही तितकाच चुकीचा आहे. कन्कशन झालेल्यांपैकी बहुसंख्यांची शुद्ध हरपतच नाही.

लक्षणे चार प्रकारची असतात. शारीरिक : डोकेदुखी, चक्कर, मळमळ, प्रकाश व आवाज सहन न होणे. बौद्धिक : विसरणे, लक्ष न लागणे, विचार मंदावणे. भावनिक : चिडचिड, रडू येणे, अस्वस्थता. झोपेची : फार झोप येणे किंवा झोपच न लागणे. काही लक्षणे लगेच दिसतात, तर काही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, अभ्यासाला बसल्यावरच जाणवू लागतात.

दोन घटना, दोन कायदे

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लिस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात डोके आपटून पडला. थोडा वेळ बाहेर बसवून त्याला त्याच सामन्यात पुन्हा खेळवण्यात आले. सामना संपता संपता तो कोसळला. मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्याचा जीव वाचला, पण दीर्घकाळ टिकणारे अपंगत्व आले. त्याच्या नावाने २००९ मध्ये त्या राज्याने कायदा केला : कन्कशनचा संशय येताच खेळाडूला बाहेर काढायचे आणि अधिकृत वैद्यकीय परवानगीशिवाय परत खेळवायचे नाही. पुढील काही वर्षांत अमेरिकेच्या सर्व राज्यांनी अशा स्वरूपाचे कायदे केले.

कॅनडात ओटावा येथील रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची मुलगी आपल्या शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार होती. मे २०१३ मध्ये एका आठवड्याच्या आत तिच्या डोक्याला अनेकदा मार बसला. आपल्याला कन्कशन झाले असावे, अशी शंका तिला आली होती. तिने इंटरनेटवर त्याची माहिती शोधली आणि मैत्रिणींना संदेशही पाठवले. घरी मात्र काही कळले नाही. पुढच्या सामन्यात पुन्हा डोके आपटले आणि चार दिवसांनी तिचा मृत्यू झाला. या मृत्यूच्या न्यायिक चौकशीनंतर ४९ शिफारशी करण्यात आल्या आणि २०१८ मध्ये ऑन्टारिओ प्रांताने 'रोवनचा कायदा' संमत केला.

पहिली इजा भरून येण्याआधी दुसरा मार बसला, तर मेंदूला अतिवेगाने सूज येऊ शकते. हे क्वचित घडते. पण घडते ते प्रामुख्याने किशोरवयीन आणि तरुण खेळाडूंमध्ये, आणि बहुधा प्राणघातक ठरते. रोवनच्या घटनेतून दुसरीही गोष्ट पुढे येते. या वयातील मुले त्रास लपवतात. संघातील जागा जाईल, सर रागावतील, मित्र भित्रा म्हणतील, ही भीती डोकेदुखीपेक्षा मोठी वाटते. म्हणून 'सांगितलेस ते बरे केलेस' हे वाक्य घरात आणि मैदानावर मोठ्यांच्या तोंडून ऐकू येणे, हा उपचाराचाच भाग आहे.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नये

डोक्याला मार लागल्यानंतर पुढीलपैकी एकही लक्षण दिसले, तर १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी किंवा मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे :

• डोकेदुखी सतत वाढत जाणे
• वारंवार उलट्या होणे
• आकडी (फिट) येणे
• शुद्ध हरपणे, किंवा जागे करूनही नीट जाग न येणे
• हातापायांत कमजोरी, मुंग्या किंवा बधिरपणा
• बोलणे अडखळणे, एकाच्या दोन प्रतिमा दिसणे
• माणसे वा जागा न ओळखणे, वाढता गोंधळ, विचित्र वागणे
• मान दुखणे. अशा वेळी मुलाला जागेवरून हलवू नये
• नाकातून वा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणे

ही लक्षणे नसली, तरी त्याच दिवशी खेळ थांबवावा आणि डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. पहिले २४ तास मुलाला एकटे सोडू नये. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवल्यावर त्याला झोपू द्यावे. झोपू न देता रात्रभर जागे ठेवण्याची जुनी पद्धत अपायकारकच आहे. वेदनेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल पुरेसे असते. अ‍ॅस्पिरिन आणि तत्सम गोळ्या मनाने देऊ नयेत.

अंधाऱ्या खोलीचा सल्ला आता मागे पडला

काही वर्षांपूर्वी कन्कशन झालेल्या मुलाला सर्व त्रास थांबेपर्यंत अंधाऱ्या खोलीत पूर्ण विश्रांती देण्याचा प्रघात होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ११ ते २२ वर्षे वयाच्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला पाच दिवस कडक विश्रांती सांगितली, दुसऱ्याला एक-दोन दिवस विश्रांती घेऊन हळूहळू नेहमीच्या व्यवहाराकडे वळण्यास सांगितले. कडक विश्रांती घेणाऱ्यांनीच अधिक त्रासाची नोंद केली.

खेळातील कन्कशनवर जगभरातील तज्ज्ञांची पहिली परिषद २००१ मध्ये व्हिएन्ना येथे भरली. सहावी परिषद २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे झाली आणि तिचे निवेदन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा सल्ला स्पष्ट आहे : पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातल्या घरात हिंडणे-फिरणे, गप्पा, हलकी कामे चालू, धावपळ, खेळ आणि डोक्याला ताण देणारा अभ्यास बंद. त्यानंतर चालण्यासारखा सौम्य व्यायाम सुरू करावा.

पहिल्या दोन दिवसांत मोबाइल मात्र खरोखरच दूर ठेवावा. १२ ते २५ वर्षे वयोगटातील रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिले ४८ तास पडद्यापासून दूर राहिलेल्यांची लक्षणे सरासरी साडेतीन दिवसांत ओसरली. पडदा वापरणाऱ्यांना आठ दिवस लागले. दोन दिवसांनंतर थोडा थोडा वापर करण्यास हरकत नसते. आठवडेच्या आठवडे मोबाइल काढून घेतल्यास मित्रांशी असलेला संबंध तुटतो आणि मुलाला ती शिक्षा वाटू लागते.

शाळेबाबतही हेच दिसून आले आहे. कॅनडातील बालरुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत आलेल्या १,६०० हून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारित, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, दोन किंवा त्याहून कमी दिवस शाळा बुडवलेल्या आठ वर्षांवरील मुलांमध्ये दोन आठवड्यांनंतर लक्षणे कमी होती. मित्र, दिनक्रम आणि आपण मागे पडत नाही ही जाणीव, यांचाही बरे होण्यात वाटा असावा. यासाठी पूर्ण बरे वाटेपर्यंत घरी थांबण्याची गरज नसते. सवलतींसह लवकर परतणे अधिक हितावह ठरते.

परतण्याचे चार टप्पे

अ‍ॅमस्टरडॅम निवेदनात शाळेत परतण्याचा क्रम चार पायऱ्यांत मांडला आहे.

पहिला टप्पा – घरातील नेहमीचे व्यवहार. थोडे वाचन, गप्पा, हलकी कामे. सुरुवात पाच ते पंधरा मिनिटांनी करावी आणि सोसेल तसा वेळ वाढवावा.

दुसरा टप्पा – घरी थोडा अभ्यास. गृहपाठातील सोपा भाग, अर्ध्या-पाऊण तासाने विश्रांती घेत. शिकवणीचे वर्ग या टप्प्यात बंदच ठेवावेत.

तिसरा टप्पा – शाळेत काही तास. पहिले दोन-तीन तास, किंवा मधल्या सुट्टीपर्यंत. सकाळच्या शाळेत लवकर उठून बालरथातून धक्के खात जाणे हाच काहींना मोठा त्रास असतो. शक्य असेल, तर सुरुवातीचे काही दिवस पालकांनी उशिरा नेऊन सोडावे.

चौथा टप्पा – पूर्ण दिवस. हळूहळू सर्व तासिका, गृहपाठ आणि शेवटी चाचण्या.

पुढच्या पायरीवर जावे की नाही, यासाठी साधे मोजमाप आहे. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही आणि दहा म्हणजे असह्य त्रास, असे मानून मुलाने काम करण्याआधी व नंतर अंक सांगावा. त्रास दोन अंकांपर्यंत वाढला आणि तासाभरात ओसरला, तर ते काम चालू ठेवण्यास हरकत नाही. त्याहून अधिक वाढला किंवा तासानंतरही टिकला, तर थांबून विश्रांती घ्यावी आणि पुन्हा सुरुवात करताना कामाचे प्रमाण कमी ठेवावे. थोडी डोकेदुखी झाली म्हणजे मेंदूला नवी इजा झाली, असे नव्हे. हे मुलाला समजावून सांगितले, की त्याची भीती बरीच कमी होते. सर्वच मुलांना चारही पायऱ्यांची गरज पडत नाही. काही दोन-तीन दिवसांत थेट पूर्ण दिवस बसू शकतात.

वर्गात काय बदलता येईल?

यासाठी मोठा खर्च किंवा नवी सोय लागत नाही; लागते ती एक व्यक्ती, जिच्याकडे मुलाला थेट जाता येईल. वर्गशिक्षक किंवा शाळेतील समुपदेशक यांपैकी एकाने ही जबाबदारी घ्यावी आणि सर्व विषयशिक्षकांना एकाच वेळी कळवावे. अन्यथा प्रत्येक तासाला नव्या शिक्षकांसमोर तीच कहाणी सांगण्याची पाळी मुलावर येते.

*डोकेदुखी व थकवा :* तासाच्या मध्ये पाच-दहा मिनिटे आजारी मुलांच्या खोलीत किंवा ग्रंथालयात शांत बसण्याची मुभा. त्यासाठी वर्गासमोर हात वर करून कारण सांगावे लागू नये. ठरलेले कार्ड बाकावर ठेवले की पुरे.

*प्रकाशाचा त्रास :* खिडकीपासून आणि लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटपासून दूर जागा; टोपी किंवा गडद चष्मा वापरण्याची परवानगी; स्मार्ट बोर्डवरील मजकुराची छापील प्रत.

*आवाजाचा त्रास :* मधली सुट्टी एखाद्या मित्रासह शांत जागी घालवणे, घंटा होण्याआधी दोन मिनिटे वर्गाबाहेर पडणे, संगीताच्या तासापासून आणि संमेलनाच्या तालमींपासून काही काळ सूट. घरीही हे लक्षात ठेवावे. चतुर्थीच्या दिवसांत घुमट, शामेळ आणि कांसाळ्यांच्या गजरात होणारी आरती, किंवा शिगम्यातील ढोल-ताशे, अशा मुलाला पेलत नाहीत. त्याला मागच्या खोलीत बसू द्यावे, आग्रह करू नये.

*लक्ष व स्मरण :* टिपणांची प्रत द्यावी, सूचना एकावेळी एकच आणि शक्यतो लिहून द्यावी. दहा गणितांऐवजी त्याच प्रकारची तीन करू द्यावीत.

*चक्कर :* जिना चढताना सोबत; शक्य असल्यास वर्ग तळमजल्यावर.

बुडालेला अभ्यास हा स्वतंत्र प्रश्न आहे. वर्गातील चालू धडे आणि मागील आठवड्यांची थकबाकी दोन्ही एकदम अंगावर आली, की बरे होत आलेले मूल पुन्हा खचते. प्रत्येक विषयशिक्षकांनी राहिलेल्या कामाचे तीन भाग करावेत : करायलाच हवे ते, केले तर चांगले ते, आणि माफ. तिसरा भाग मनापासून मोठा ठेवावा.

परीक्षा जवळ आली असेल तर

लक्षणे असताना दिलेली चाचणी मुलाचे ज्ञान मोजत नाही, त्याची सहनशक्ती मोजते. शाळेच्या पातळीवरील चाचण्या पुढे ढकलणे, दिवसाला एकच पेपर घेणे, वाढीव वेळ देणे, किंवा आधीच्या कामगिरीवरून गुण देणे, हे निर्णय मुख्याध्यापकांच्या कक्षेत बसू शकतात. दहावी-बारावीच्या मंडळ परीक्षेचा निर्णय मात्र शाळेच्या हाती नसतो. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र इजेच्या दिवसापासूनच जपून ठेवावे आणि मुख्याध्यापकांमार्फत मंडळाकडे विनाविलंब लेखी अर्ज करावा. प्रमाणपत्रात केवळ 'विश्रांतीची गरज' असे मोघम न लिहिता कोणती लक्षणे आहेत आणि कोणत्या सवलती किती दिवसांसाठी हव्यात, हे लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना करावी.

मैदान सर्वांत शेवटी

ज्या राज्याने फुटबॉलला राज्यखेळाचा दर्जा दिला आहे, तेथे 'कधी खेळू?' हा मुलाचा पहिला प्रश्न असणे स्वाभाविक आहे. नियम असा, की पूर्ण दिवस शाळा कोणत्याही सवलतीविना जमू लागल्याशिवाय स्पर्धात्मक खेळ नाही. खेळाकडे परतण्याच्या पायऱ्या सहा आहेत : नेहमीचे व्यवहार, हलका ते मध्यम व्यायाम, एकट्याने खेळाचा सराव, धक्का न लागणारा सांघिक सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव आणि अखेर सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यावे लागतात आणि संघाबरोबरचा सराव सर्व लक्षणे गेल्यावरच सुरू होतो. ब्रिटनमध्ये हौशी व शालेय खेळांसाठी २०२३ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार इजेनंतर २१ दिवसांच्या आत स्पर्धात्मक सामना खेळता येत नाही.

मोठ्यांच्या खेळातही ही शिस्त आता रुळली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवरील कसोटीत मानेवर चेंडू लागलेल्या स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. कसोटी क्रिकेटमधील तो पहिला कन्कशन-बदली खेळाडू. जागतिक दर्जाचा फलंदाज बाहेर बसू शकतो, तर आंतरशालेय सामन्यातील आघाडीपटूलाही बसता येईल. हे उदाहरण क्रीडाशिक्षकांनी संघाला आवर्जून सांगावे.

धक्क्याचा धोका नसलेला व्यायाम मात्र रोखू नये. १३ ते १८ वर्षे वयाच्या खेळाडूंवरील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पहिल्या आठवड्यापासून नियंत्रित व्यायाम करणारे सरासरी १३ दिवसांत बरे झाले. केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांना १७ दिवस लागले. वेगाने चालणे किंवा घरातील स्थिर सायकल पुरेशी आहे. दुचाकी व सायकल चालवणे डॉक्टर सांगेपर्यंत बंद ठेवावे. दुचाकीवर मागे बसतानाही हेल्मेट हवेच. मोटार वाहन कायद्यानुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला ते बंधनकारक आहे. हेल्मेटमुळे कन्कशन पूर्णपणे टळेल असे नाही. कवटी फुटण्याचा आणि जीव जाण्याचा धोका मात्र ते निश्चित कमी करते.

मनाकडेही लक्ष हवे

पायाला प्लास्टर असलेल्या मुलाची वर्गात विचारपूस होते, प्लास्टरवर मित्र सह्या करतात. कन्कशन झालेल्या मुलाकडे दाखवण्यासारखे काही नसते. 'नाटक करतो' हे शब्द त्याच्या कानावर पडतात आणि कालांतराने त्याला स्वतःचीच शंका येऊ लागते. चिडचिड आणि रडू येणे हे इजेचे लक्षण असू शकते, एकटेपणाचाही परिणाम असू शकतो. आधीपासून चिंता, नैराश्य, अर्धशिशी किंवा शिकण्यातील अडचणी असलेल्या मुलांना बरे होण्यास अधिक वेळ लागू शकतो. त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे. संघाबाहेर असलेल्या खेळाडूला गुण नोंदवणे, साहित्य सांभाळणे असे काम देऊन संघातच ठेवावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा ऐकू आली, तर लगेच डॉक्टरांना सांगावे. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र निःशुल्क सल्ला मिळतो.

चार आठवड्यांनंतरही त्रास असेल तर

किशोरवयीन मुलांची लक्षणे बहुधा चार आठवड्यांच्या आत जातात. त्यापलीकडे टिकल्यास 'अजून थोडी वाट पाहू' म्हणू नये. टिकून राहिलेल्या त्रासाला वेगवेगळी कारणे असतात आणि त्यांवर उपचारही आहेत. मानेच्या दुखापतीतून येणारी डोकेदुखी व चक्कर यांवर फिजिओथेरपी, दोन्ही डोळ्यांच्या हालचालींचा मेळ बिघडला असेल तर नेत्रतज्ज्ञांनी सुचवलेले व्यायाम, झोपेची घडी बसवणे, मनासाठी समुपदेशन, असे उपाय लक्षणांनुसार योजले जातात. वेदनाशामक गोळ्या आठवड्यातून दोन-तीन दिवसांहून अधिक घ्याव्या लागत असतील, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहिलेली असू शकते. हेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

घरी एक साधी वही ठेवावी. तारीख, झोपेचे तास, शाळेत घालवलेला वेळ आणि दिवसअखेर मुलाने सांगितलेला त्रासाचा अंक, एवढीच नोंद त्यात असावी. ती डॉक्टरांना उपयोगी पडते, शिक्षकांशी बोलताना आधार देते आणि मुलालाही दिसते, की मागच्या सोमवारी सहा असलेला आकडा या सोमवारी दोनवर आला आहे.